काटा अजून टायरमध्येच आहे
(लांब राइडला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

रविवारी दुपारी दुकानात एक तक्रार हमखास येते. ‘सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला पंक्चर झालं. तुमच्याकडून घेतलेली नवी ट्यूब टाकली, तर दोन किलोमीटरही गेलो नाही तोवर तीही बसली. ट्यूबच खराब निघाली, बदलून द्या.’ अशा वेळी आम्ही ग्राहकासमोरच ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात धरतो. बुडबुडे कुठून येतात ते त्यांना बघायला सांगतो. मग जुनी, आधी पंक्चर झालेली ट्यूब तिच्या शेजारी ठेवतो. व्हॉल्वपासून मोजलं तर दोन्ही भोकं बहुतेक वेळा एकाच जागी निघतात. टायर आतून चाचपला की त्याच जागी बाभळीच्या काट्याचं टोक बोटाला लागतं.

पंक्चर काढायचं किट सोबत असतं, ट्यूब बदलताही येते, पण काटा शोधायचा राहून जातो. सोबतचे थांबलेले असतात, ऊन चढत असतं, घाई होते हे आम्हाला समजतं. पण त्या दोन मिनिटांच्या घाईपायी दुसरी ट्यूब जाते आणि पुढचं अंतर सायकल ढकलत काटावं लागतं.

काटा असा शोधा. ट्यूब पूर्ण बाहेर काढण्याआधी ती चाकात कशी बसली होती, कुठली बाजू कुठे होती, ते लक्षात ठेवा. हवा भरून भोक शोधा. ट्यूब टायरवर तशीच धरली, की भोकासमोर टायरची नेमकी जागा सापडते. आम्ही बसवलेल्या टायरवर कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्वसमोर असतं, ते याचसाठी. टायर बसवायला आम्हाला थोडा जास्त वेळ का लागतो, असं काही जण विचारतात. ही खूण जुळवण्यातही वेळ जातो, आणि रस्त्यावर तीच तुमच्या उपयोगी पडते.

जागा सापडली की टायर बाहेरून वाकवून बघा. काटा वरून नखाने उपटला तर टोक आत मोडून राहतं, म्हणून आमच्या किटमध्ये एक छोटा चिमटा असतो. मग सुती रुमाल टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काहीतरी आहे. थेट बोट फिरवू नका, कापतं. मुंबई-आग्रा महामार्गावर काट्यापेक्षा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा जास्त छळतात. केसासारखी ती तार डोळ्यांना दिसत नाही, रुमालाला मात्र लागते.

भोकाची जागाही बरंच सांगते. भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर काटा, तार किंवा काच. रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे आणि आऱ्याचं टोक ट्यूबला टोचतंय. तिथे टायर कितीही चाचपून उपयोग नाही, टेप सरळ करा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. टायर चढवताना स्क्रू ड्रायव्हर वापरला तरी ट्यूब चिमटून भोक पडतं. प्लॅस्टिकच्या लिव्हर त्यासाठीच असतात, आणि शेवटची कड तर शक्यतो अंगठ्यानेच चढवावी.

ट्यूबच्या सांध्यातून किंवा व्हॉल्वच्या बुडाशी जोडातून हवा जात असेल तर तो बनावटीतला दोष. अशी ट्यूब आम्ही बिनतक्रार बदलून देतो. काट्याच्या भोकाची ट्यूब बदलून देत नाही, पण ती फेकूही नका. पंक्चर काढून पुढच्या राइडला दुसरी ट्यूब म्हणून सोबत ठेवा.

आता किटबद्दल. ग्राहक विचारतात, ‘तयार पाऊच का ठेवत नाही?’ कारण सायकल बघितल्याशिवाय किट भरता येत नाही. 700 बाय 28 च्या टायरची ट्यूब 29 इंची एमटीबीला (माउंटन बाइकला) चालत नाही. बारीक प्रेस्टा व्हॉल्वसाठी रिमचं भोक 6 मिलिमीटरचं असतं, मोटारसायकलसारख्या श्रेडर व्हॉल्वसाठी 8 चं. श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या रिममध्ये जातच नाही. चेनची जोडकडीही 9 गिअरची वेगळी, 11 ची वेगळी. म्हणून सायकल दुकानात आणा, बघूनच किट भरून देऊ.

प्रेस्टावाल्यांनी पितळी अॅडॅप्टर नक्की ठेवावा. सुपारीहून लहान असतो. तो असला की कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. फक्त हवा किती ते तुम्ही सांगा. आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. छोट्या पंपाने शंभराच्या वर पंप मारावे लागतात, हाताला घाम फुटतो, पण तो पंप निर्जन रस्त्यावरही चालतो. गॅसचं नळकांडं झटपट भरतं, पण एकदाच. म्हणून ते घेतलं तरी पंप घरी ठेवू नका.

पंक्चरचं सोल्यूशन एकदा उघडलं की काही महिन्यांत आतल्या आत वाळतं. वर्षभर पाऊचमध्ये पडलेली सोल्यूशनची ट्यूब नेमकी त्र्यंबक रस्त्यावर उघडून बघायची वेळ येऊ देऊ नका. पॅच लावताना पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन लावा आणि ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ओल्यावर लावलेला पॅच सुटतोच. टायरच कापला गेला असेल तर आतून गेटर, म्हणजे आधाराचा तुकडा, लावावा लागतो. त्यासाठी जुन्या टायरचा बोटभर तुकडा आम्ही किटसोबत फुकट देतो.

ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब ठेवावी. मोठी चीर टायरमध्ये भरलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाने बुजत नाही. आणि ट्यूब टाकण्याआधी टायर पूर्ण तपासावा, कारण द्रवाने बुजवलेले जुने काटे आत तसेच असतात. तेवढे सगळे नव्या ट्यूबला लागतात.

रविवारी सकाळी फोन येतात, ‘मुलगा पाठवता का?’ पाठवत नाही. त्या वेळी दुकानात दोनच माणसं असतात, आणि एकाला अंजनेरीला पाठवलं तर इथले ग्राहक खोळंबतात. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, उतरणाऱ्यांना तर हे शिकावंच लागतं. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात आणि दोन चेक पॉइंटच्या मधे स्वतःची गाडी मदतीला बोलावता येत नाही.

म्हणून ज्यांनी किट घेतलं त्यांना आम्ही एकदा मागचं चाक काढून-बसवून घ्यायला शिकवतो, पैसे न घेता. आधी चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणायची, मग चाक सोडायचं. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबायची नाही, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. कामाच्या दिवशी दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. जुनं किटही सोबत आणा, सोल्यूशन वाळलंय का ते तिथेच बघू.