नेलपॉलिशचा हात मारला की कान खाजत नाही?

जुन्या किल्ल्या, वॉशर, नाणी यांची कानातली करणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: पारदर्शक नेलपॉलिश लावा, कानाला काही होत नाही. हे खरं नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. तांब्या-पितळेचा हिरवा डाग म्हणजे घामाने तयार झालेले तांब्याचे क्षार; साबणाने धुतला की जातो. खाज, लाल पुरळ, पाणी सुटणं हा बहुतेकदा निकेलचा त्रास, आणि तो एकदा जडला की सहसा जन्मभर राहतो. चकचकीत रुपेरी किल्ली अनेकदा पितळेचीच असते, वर निकेलचा मुलामा. जुन्या तांबे-निकेल नाण्यांत निकेल २५ टक्के. चुंबकाने हे ओळखता येत नाही. ती नाणी चुंबकाला चिकटतच नाहीत.

नेलपॉलिश सगळ्यात आधी सुटतं ते कडांना आणि हुकाच्या वळणावर, म्हणजे नेमकं जिथे धातू कानाला घासतो तिथे. हुकावर तर लावूच नका, पापुद्रे भोकात अडकतात.

हूक टायटॅनियमच्या ०.८ मिमी तारेचा करा, टोक ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल घासा. किल्ली मानेला टेकत असेल तर मागे पातळ चामडं चिकटवा. शंका असेल तर डायमिथाइलग्लायॉक्झाइमची निकेल चाचणी करा: द्रावणात भिजवलेला कापूस धातूवर अर्धा मिनिट चोळायचा. कापूस गुलाबी झाला, तर तो तुकडा अंगाला लागू देऊ नका.