'वार्षिक'मधला रफार कुठे गेला?

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांची ईमेल आली. विषय: 'सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना'. माझ्या फोनवर मात्र 'वार' आणि 'षिक' यांच्यामध्ये काळ्या चौकटीतली दोन प्रश्नचिन्हं, आणि रफार गायब. काकांनी टाईप बरोबरच केलं होतं. चूक वाटेत झाली, आणि तिचं मूळ एका साध्या शब्दात आहे: 'कॅरॅक्टर'.

ईमेलचे नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात. १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्ये सगळा कारभार आस्कीचा, म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक वगैरे १२८ चिन्हांचा. एक चिन्ह, एक बाइट. कॅरॅक्टर मोजा नाहीतर बाइट, आकडा तोच. त्यामुळे शब्द सैल वापरला तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

आता 'क्षी' घ्या. आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या लेखी चार चिन्हं: क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी. ही चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण बारा. यातलं 'कॅरॅक्टर' नेमकं कोणतं?

१९९६ चा आरएफसी २०४७ सांगतो की मथळ्यातला (विषय, पाठवणारा वगैरे ओळींतला) आस्कीबाहेरचा मजकूर सांकेतिक तुकड्यांत पाठवा आणि एक तुकडा ७५ कॅरॅक्टरपेक्षा मोठा नको. तोच दस्तऐवज पुढे बजावतो की प्रत्येक तुकड्यात कॅरॅक्टर पूर्णच्या पूर्ण असावीत, मधूनच तोडू नयेत. पहिल्या वाक्यातलं कॅरॅक्टर म्हणजे सांकेतिक रूपातलं आस्की चिन्ह, दुसऱ्यातलं म्हणजे मूळ मजकुरातलं. शब्द एक, अर्थ दोन. घाईत वाचणारा प्रोग्रामर इथेच घसरतो.

हिशेब करून पाहू. बाइट आस्की चिन्हांत लिहिण्याची एक पद्धत म्हणजे बेस६४. तुकडा यूटीएफ-८ आणि बेस६४ मध्ये आहे हे सांगणाऱ्या वेष्टनाची १२ चिन्हं ७५ मधून वजा केली की ६३ उरतात. बेस६४ तीन बाइटना चार चिन्हं अशा गटांत चालतं, म्हणून ६० वापरता येतात. त्यांत ४५ बाइट मावतात. 'सोसायटीच्या' या शब्दाची चिन्हं अकरा, बाइट ३३. मोकळ्या जागेचा एक, झाले ३४. मग व, काना, र: ४३. उरले दोन, आणि र चा रफार करणाऱ्या हलन्ताला हवेत तीन. डोळे मिटून दर ४५ बाइटला कात्री चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने तो हलन्त मधोमध कापला, आणि माझ्या फोनवरच्या ॲपने दोन्ही तुकडे वेगवेगळे उलगडले. गंमत म्हणजे विषयात मोकळी जागाच नसती तर हे बिंग फुटलंच नसतं, कारण ४५ ला तीनने पूर्ण भाग जातो.

ओळीच्या लांबीचंही असंच. २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्ये मर्यादा ९९८ कॅरॅक्टरची. त्याच वेळच्या ५३२१ मध्ये १००० ऑक्टेटची, ओळ संपल्याच्या दोन खुणा धरून. ऑक्टेट म्हणजे आठ बिट. (हा वेगळा शब्द लागतो, कारण 'बाइट'ही एकेकाळी बेभरवशाचा होता, पीडीपी-१० या जुन्या संगणकावर तो आठ बिटांचाच असेल असं नव्हतं.) अखेर २०१२ मध्ये आरएफसी ६५३२ ने यूटीएफ-८ मथळ्यांच्या ईमेलसाठी ९९८ चा आकडा ऑक्टेटमध्ये असल्याचं जाहीर केलं. मराठीची साधारण ३३२ चिन्हं.

ओळ शक्यतो ७८ कॅरॅक्टरच्या आत ठेवा, ही शिफारस मात्र कॅरॅक्टरमध्येच राहिली, कारण तिचा संबंध पडद्यावरच्या रुंदीशी आहे. 'क्षी' त्यातली चार खातो आणि पडद्यावर जागा घेतो एकाच अक्षराची.