कामावरून काढलं, बेरोजगारी भत्ताही नाकारला: कॅलिफोर्नियात अपील कसं करायचं

नोकरी गेल्यावर भत्त्यासाठी अर्ज केला, ईडीडी म्हणजे भत्ता देणाऱ्या राज्याच्या रोजगार खात्याच्या माणसाने फोनवर दहा-पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि काही दिवसांनी 'नोटीस ऑफ डिटरमिनेशन', म्हणजे निर्णयाची नोटीस, आली. त्यात 'मिसकंडक्ट' हा शब्द दिसला की आपली माणसं तिथेच वाचायचं थांबतात. गैरवर्तन म्हटलं की आपल्याला चोरी, मारामारी, दारू आठवते. पंधरा वर्षं इमानाने काम केलेला माणूस तो कागद खणात टाकून देतो आणि घरी धड सांगतही नाही. मग कधीतरी मित्राजवळ विषय निघतो, "अरे, अपील केलंस का?" तोवर मुदत उलटून गेलेली असते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की फॉर्मच्या आधी मुदतीबद्दलच सांगते.

३० दिवस कुठून मोजायचे

नोटिशीवर ती पाठवल्याची तारीख छापलेली असते. त्या तारखेपासून ३० दिवस मिळतात, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून. पाकीट तुमच्या हातात कधी पडलं याच्याशी मुदतीचा संबंध नाही. आणखी एक चूक फक्त आपल्याकडून होते. इथे महिना आधी लिहितात. ०५/०६ म्हणजे ६ मे. भारतातल्या सवयीने ५ जून वाचणाऱ्याचा एक महिना तिथेच गेला.

दुसरा फटका भारतात गेलेल्यांना बसतो. नोकरी गेली, मनाला थोडा आराम म्हणून माणूस तिकीट काढून पुण्याला जातो आणि पाकीट फ्रिमाँटच्या पोस्टपेटीत पडून राहतं. जाणारच असाल तर शेजाऱ्याला पत्रं उघडायची परवानगी देऊन जा. देशाबाहेर काढलेल्या आठवड्यांचा भत्ता सहसा मिळत नाही, हेही आधीच धरून चला.

मुदत टळली असली तरी अपील कराच, आणि उशीर का झाला ते स्पष्ट लिहा. चूक, अनवधान, समजण्यासारखा निष्काळजीपणा ही कारणं कायद्यात 'गुड कॉज'मध्ये, म्हणजे सबळ कारणांत, धरलेली आहेत. न्यायाधीश आधी उशिराचा विचार करतात, तो पटला तर पुढे प्रकरणाचा. एकेक दिवस वाढेल तसं पटवणं कठीण होत जातं.

फॉर्मचं काम सोपं आहे. डीई १०००एम हा फॉर्म नोटिशीसोबत येतो. तो हरवला तर साधं पत्र चालतं: नाव, पत्ता, फोन, सोशल सिक्युरिटी नंबर, कोणता निर्णय मान्य नाही, का मान्य नाही, आणि सही. नोटिशीवरच्या ईडीडीच्या पत्त्यावर पाठवा किंवा ईडीडीच्या ऑनलाइन खात्यातून करा. फी नाही. कारण दोन-तीन ओळींत पुरे. मॅनेजरबद्दलचा सगळा संताप इथे ओतू नका, तो कागद पुढे फाईलमध्ये राहतो.

मात्र नोटिसा किती आल्या ते मोजा. भत्ता नाकारल्याची एक, आधी दिलेले पैसे परत मागणारी दुसरी, खोटी माहिती दिल्याची तिसरी, अशा वेगवेगळ्या येऊ शकतात. प्रत्येकीविरुद्ध अपील केल्याचं नीट लिहा. तिसरी येते ती बहुतेकदा लाजेपोटी. काढून टाकलेलं असतं, पण अर्जात 'ले ऑफ', म्हणजे कामच नसल्याने कमी केलं, असं लिहिलेलं असतं. कंपनी वेगळं सांगते आणि परत करायच्या रकमेवर ३० टक्के दंड चढू शकतो. काढलं असेल तर काढलं असंच लिहा. काढलेल्या माणसालाही भत्ता मिळतो.

काढलं म्हणजे गैरवर्तन नव्हे

कॅलिफोर्नियाच्या नियमांत गैरवर्तन ठरायला चार गोष्टी एकत्र लागतात. कंपनीप्रति तुमचं महत्त्वाचं कर्तव्य असावं, ते तुम्ही ठळकपणे मोडलेलं असावं, जाणूनबुजून किंवा पर्वा न करता मोडलेलं असावं, आणि त्याने कंपनीच्या हिताला बाधा आलेली असावी किंवा येण्यासारखी असावी. काम न जमणं, वेग कमी पडणं, प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकणं, एखाद्या वेळची साधी हयगय हे त्यात बसत नाही. म्हणजे तीन महिने पीआयपीवर, म्हणजे काम सुधारायच्या लेखी मुदतीवर, ठेवून 'अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत' म्हणून काढलेला इंजिनिअर गैरवर्तन करणारा ठरत नाही. कंपनीला त्याला काढायचा हक्क होता, पण भत्त्याचा प्रश्न वेगळा आहे. १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं, की आपलं शिक्षण अपुरं आहे आणि रुग्णाला धोका होईल असं प्रामाणिकपणे, सकारण वाटल्याने एक काम नाकारणाऱ्या लॅब टेक्निशियनचं वागणं गैरवर्तन नव्हे.

गैरवर्तन सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते. ईडीडीच्या फोनवरच्या इंटरव्ह्यूत मात्र आपला माणूस नम्रपणे "हो, माझीच चूक झाली" म्हणून मोकळा होतो आणि ते वाक्य तसंच नोंदलं जातं. सुनावणीत ते नीट समजावून सांगता येतं: चूक कोणती, ती का झाली, त्याआधी कुणी सावध केलं होतं का.

"राजीनामा दे, नाहीतर काढतो" असं सांगून ज्यांच्याकडून राजीनामा घेतला, त्यांना ईडीडी कधी कधी स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांत टाकते. काढण्याऐवजी घेतलेला राजीनामा नियमाप्रमाणे काढण्यातच धरतात. ते बोलणं कुणी, कधी, कोणासमोर केलं ते आजच लिहून ठेवा.

जो कागद कुणाकडेच नसतो

सगळे विचारतात, काढल्याचं पत्र कुठून आणू? नोकरी संपल्याची लेखी सूचना कंपनीने द्यायची असते, पण तिच्यात कारण क्वचितच असतं. त्याच दिवशी लॅपटॉप बंद, ईमेल बंद. तरी एक दार उघडं असतं. राज्याच्या लेबर कोडच्या कलम ११९८.५ प्रमाणे माजी कर्मचाऱ्यालाही आपली पर्सोनेल फाईल मागता येते आणि लेखी मागणीनंतर कंपनीने ती ३० दिवसांत द्यायची असते. अपील पाठवाल त्याच दिवशी ही मागणीही पाठवा. कंपनीने दिलं नाही तर सुनावणीच्या कार्यालयाकडे सबपीना, म्हणजे कागद हजर करायचा हुकूम, मागता येतो. शिवाय आपल्या फोनवरचे मेसेज, डॉक्टरची चिठ्ठी, आधीचे चांगले रिव्ह्यू जमवा. कंपनीच्या गोपनीय फाइल्स मात्र स्वतःकडे ओढून घेऊ नका, त्यातून नवीन भानगड उभी राहते.

आणि कळकळीने सांगते: अपील चालू असताना दर दोन आठवड्यांचं सर्टिफिकेशन, म्हणजे अजून बेरोजगार आहोत हे ईडीडीला कळवणं, बंद करू नका. पैसे येत नाहीत, मग कशाला, असं वाटतं. पण जिंकल्यावर सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच पैसे मिळतात. जिंकूनही दोन-दोन महिन्यांचे पैसे हातचे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. भत्ता असतो आठवड्याला ४० ते ४५० डॉलर, जास्तीत जास्त २६ आठवडे. हा ४५० चा आकडा २००५ पासून हललेला नाही. घरभाडं कुठच्या कुठे गेलं तरी सरकारला तो बदलावासा वाटला नाही, याचा राग येतो.

सुनावणी ईडीडी घेत नाही. सीयूआयएबी या स्वतंत्र मंडळाचे न्यायाधीश घेतात, बहुधा फोनवर. निदान १० दिवस आधी नोटीस येते. अनोळखी नंबर उचलायची सवय लावा. तुमच्या अपीलाची फाईल आधी पाहायला मागा, कंपनीने काय लिहून दिलंय ते तिथे दिसतं. इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषी फुकट मिळतो, अपीलातच 'मराठी' असं लिहा. साक्ष शपथेवर असते, रेकॉर्ड होते. ज्याने स्वतः पाहिलं त्याच्या बोलण्याला एचआरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त वजन असतं, म्हणून सोबतचा सहकारी बोलायला तयार असेल तर त्याला घ्या. तुम्हीच हजर राहिला नाहीत तर अपील निकालात काढतात, मग २० दिवसांत कारण देऊन ते पुन्हा उघडायला मागावं लागतं.

अपीलने सुटणार नाही अशीही एक अडचण आहे. भत्त्यासाठी लगेच दुसरं काम घ्यायची कायदेशीर मोकळीक लागते. एच-१बी हा कामाचा व्हिसा मालकाला बांधलेला असल्याने तिथे बहुतेकदा अडतं. ग्रीनकार्डधारक किंवा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असलेल्यांना ही अडचण नाही. ग्रीनकार्डच्या अर्जाला 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारवर भार, म्हणून बाधा येईल या भीतीने कुणी मागे हटत असेल तर हटू नका. बेरोजगारी भत्ता त्यात मोजत नाहीत.

न्यायाधीशांचा निकाल विरुद्ध गेला तर मंडळाकडे दुसरं अपील करता येतं, पुन्हा ३० दिवसांत. तिथे नवी सुनावणी सहसा होत नाही, झालेल्या साक्षीवरच निर्णय होतो. म्हणून जे सांगायचं ते पहिल्या सुनावणीतच सांगा. त्याआधी बोलायला कुणी हवं असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोतली लीगल एड ॲट वर्क ही संस्था कामगारांना मोफत सल्ला देते. नोटीस हातात घेऊन फोन करा, पहिला प्रश्न तिच्यावरच्या तारखेचा येईल.