ऑपरेशनआधीचा 'फिटनेस' आणि वृद्धांची जर्जरता : पार्श्वभूमी

आपल्याकडे आजी-आजोबांचं ऑपरेशन ठरलं की सर्जन आधी फिटनेस आणायला सांगतात. ईसीजी, टू-डी एको, साखर, क्रिएटिनिन झालं, फिजिशियनने सही केली, की तारीख मिळते. या सगळ्यात रुग्णाला चार पावलं चालायला क्वचितच कोणी सांगतं. जोखीम मोजायची जुनी साधनंही आजारांवरच नजर ठेवणारी होती : भूलतज्ज्ञांची १९४१ची श्रेणी, हृदयासाठीचा १९७७चा निर्देशांक.

जर्जरता म्हणजे वयाबरोबर शरीराची ताकद आणि ताण सोसण्याची क्षमता घटत जाणं. तिला मोजमाप मिळालं २००१मध्ये, आणि तेही दोन वेगळ्या वाटांनी. अमेरिकेतल्या गटाने पाच खुणा ठरवल्या : नकळत घटलेलं वजन, थकवा, हाताची कमी पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन किंवा अधिक असतील तर माणूस जर्जर. कॅनडातल्या गटाने शरीरातल्या उणिवा मोजून त्यांचं प्रमाण काढलं. २०१०मध्ये पहिली वाट ऑपरेशनपर्यंत पोचली. पासष्टीपुढच्या ५९४ रुग्णांना आधी तपासलं होतं. त्यांतल्या जर्जर रुग्णांना गुंतागुंती जास्त झाल्या, मुक्काम लांबला आणि बऱ्याच जणांना घरी न जाता देखभाल केंद्रात जावं लागलं.

पुढे जे झालं ते मात्र खटकणारं आहे. पकड मोजायला, चालवून पाहायला वेळ लागतो. म्हणून २०१३च्या सुमारास कॅनडाच्या सत्तर उणिवांच्या यादीतल्या ज्या बाबी अमेरिकेतल्या शस्त्रक्रियांच्या नोंदींमध्ये आयत्या सापडल्या, तेवढ्या ११ उचलून 'सुधारित' निर्देशांक तयार झाला. नंतर त्यातल्याही काही बाबींची नोंद थांबली आणि पाचच उरल्या : मधुमेह, रक्तदाब, फुफ्फुसाचा जुनाट आजार, हार्ट फेल्युअर आणि दैनंदिन कामांतलं परावलंबन. पाचांपैकी चार तर आजारच! गोळ्या घेऊन रोज टेकडी चढणारे काका इथे गुण मिळवतात आणि एकही निदान नसलेली, खुर्चीतून उठताना धापा टाकणारी आजी निसटते. गुंतागुंतींचा अंदाज त्यातून येतो, हे समर्थकांचं म्हणणं खरं आहे. पण सहव्याधी, म्हणजे सोबतचे इतर आजार, मोजून आलेल्या आकड्याला जर्जरता म्हणणं चूकच. संगणकावर लाखो नोंदी चाळता येत असल्याने शोधनिबंधांचा पूर आला आणि रुग्णाला प्रत्यक्ष पाहणारी पद्धत मागे पडली.

याउलट २०१७मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयातला अनुभव पाहा. तिथे प्रत्येक नियोजित ऑपरेशनआधी छोटी प्रश्नावली भरून घेत आणि जर्जर रुग्णाची फाइल वरिष्ठांकडे पुनर्विचारासाठी जाई. ९,१५३ रुग्णांच्या या पाहणीत जर्जर रुग्णांमधले तीस दिवसांतले मृत्यू १२.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले. ही आधी-नंतरची तुलना होती, त्यामुळे सगळं श्रेय प्रश्नावलीला देता येत नाही. तरी असे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, हे आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांसाठी फार मोलाचं आहे.

२०२०मध्ये माजी सैनिकांच्याच चार लाखांहून अधिक नोंदींतून, छोट्या ऑपरेशनला जर्जर रुग्णालाही फारसा धोका नसतो, हा समजही मोडला. दुर्बिणीने मूत्राशय पाहण्यासारख्या किरकोळ प्रक्रियेनंतरही जर्जर रुग्णांमध्ये तीस दिवसांतले मृत्यू दीड टक्क्याच्या वर होते, आणि दुर्बिणीने पित्ताशय काढल्यावर पाच टक्क्यांच्या वर.