मुरूम लागत नाही तिथे पाया कसा घ्यावा?

स्क्रू पाइल पाया : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुरूम किती फुटांवर लागला? महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हा प्रश्न रास्तच आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुरमावर फुटिंग बसवलं की मालक निर्धास्त. पण पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, हा हिशोब लागत नाही. इथे नदीने आणून टाकलेला गाळ काही ठिकाणी शंभर मीटरहून खोल आहे. दहा फूट खड्डा घेतला तरी तळाला तीच चिकण माती. आमची बरीचशी कामं याच पट्ट्यात असतात, म्हणून हे पत्रक मुख्यतः इथल्या लोकांसाठी लिहिलं आहे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. पावसाळ्यात दार चौकटीत अडकणं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघणं, फरशी मधोमध उचलली जाणं, ही सगळी त्याच हालचालीची लक्षणं. अशा तड्यात दरवर्षी सिमेंट भरणारी घरं आम्ही पाहिली आहेत. दोष भिंतीत नसतो. खोल काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरपर्यंतची माती ऋतूप्रमाणे हलते असं आपल्याकडे धरतात. उथळ पाया त्या हलत्या थरातच बसलेला असतो.

स्क्रू पाइल हा थर ओलांडून खाली जातो. पोलादी पाइप, त्याच्या खालच्या टोकाजवळ पंख्यासारखं गोल, पिळदार पातं. पोकलेनला लावलेल्या हायड्रॉलिक हेडने तो जमिनीत फिरवत उतरवतात. लाकडात स्क्रू जातो तसाच, एका फेऱ्याला सुमारे ७५ मिलिमीटर. पातं न हलणाऱ्या मातीत पोचलं की इमारतीचा भार तिथे टेकतो. वरचा पाइप बारीक असतो, त्यामुळे फुगणाऱ्या मातीला धरून उचलायला पृष्ठभागच कमी मिळतो. खालचं पातं वर खेचलं जाण्यालाही अडवतं. आमच्या मते काळ्या मातीत याचा खरा फायदा हाच आहे, वेग आणि स्वच्छता नंतर.

ही कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ऐन तारुण्यात त्याची दृष्टी गेली होती. थेम्सच्या मुखाशी वाळूत दीपगृह उभं राहिलं ते त्याच्या स्क्रू पाइलांवर. आपल्याकडे मुंबई-बडोदे रेल्वेने १८६०च्या सुमारास भरूचजवळ नर्मदेवर पूल बांधला, तोही लोखंडी स्क्रू पाइलांवर. पुरांनी तो वारंवार मोडला आणि १८८१ मध्ये त्याच्या जागी गोल्डन ब्रिज आला. हे आम्ही मुद्दाम सांगतो. बारीक पाइल उभा भार आणि ताण उत्तम पेलतो, आडवा धक्का त्या मानाने कमी. जिथे प्रवाह तळची माती उकरून नेतो, तिथे नाल्याकाठच्या कामाला आम्ही सरळ नाही म्हणतो.

पाइल किती भार घेईल हे बसवतानाच कळतं. माती जितकी घट्ट, तितका पिळायला जोर जास्त. तो जोर, म्हणजे टॉर्क, मशिनवर मोजतात आणि पाइपच्या व्यासानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ८९ मिलिमीटर व्यासाच्या पाइपसाठी हा गुणक साधारण २३ धरतात. शेवटी ६ किलोन्यूटन-मीटर टॉर्क लागला, तर ६ गुणिले २३ म्हणजे १३८ किलोन्यूटन, जवळपास १४ टन. सुरक्षिततेसाठी त्याचा निम्मा, ७ टन, एवढाच भार हिशोबात घ्यायचा. प्रत्येक पाइलचा टॉर्क आणि खोली लिहिलेला कागद तुम्हाला मिळतो. तो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. मोठ्या कामात शिवाय भार चाचणी होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. खारपाणपट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं. ते काँक्रीटमध्ये गेलं तर आतली सळई गंजते, म्हणून पाया भरायला आणि क्युरिंगला टँकर आणावा लागतो. पाइलला पाणीच लागत नाही. खोदकामाची माती निघत नाही, आणि काँक्रीटसारखं थांबावं लागत नाही, बसवल्या दिवशी वरचं काम सुरू करता येतं.

मग गंजाचं काय? खाऱ्या जमिनीत हा प्रश्न विचारायलाच हवा. आम्ही हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेलाच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलाच, पाइप वापरतो आणि गंजात जाईल एवढी जाडी आधीच वाढवून धरतो. त्यासाठी माती तपासताना क्लोराइड, सल्फेट, सामू आणि विद्युतरोध पाहावाच लागतो. सर्वाधिक धोका जमिनीच्या पृष्ठभागाजवळ, जिथे हवा आणि ओल एकत्र येतात. वरचं टोक कापल्यावर तिथे झिंकयुक्त रंग लावला की नाही, हे तुम्ही स्वतः उभं राहून पाहा.

पत्र्याचं गोदाम, सोलर पॅनेलचा सांगाडा, स्टील फ्रेमचं घर, जुन्या घराला जोडलेली खोली, कुंपण : ही कामं स्क्रू पाइलवर चांगली होतात. तीन-चार मजली आरसीसी इमारतीला आम्ही तो सुचवत नाही. तिथे रुडकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले काँक्रीटचे पाइल), किंवा भोक पाडून काँक्रीट भरलेले मोठे बोअर पाइल, बरे पडतात. आणि तुमच्या प्लॉटवर चार फुटांवर मुरूम असेल तर साधं फुटिंगच करा. गोटे-पाषाणात आमचं पातं शिरत नाही, पैसेही जास्त जातील.

पाइल चांगला बसूनही काम बिघडतं ते बहुधा प्लिंथ बीमखाली, म्हणजे पाइलांवर टेकून भिंती पेलणाऱ्या तुळईखाली. बीम आणि जमीन यांत निदान ८० मिलिमीटर पोकळी राहिली पाहिजे, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकणार नाही. ही फट उघडी दिसते म्हणून मिस्त्री ती मातीने भरून टाकतात. कृपया भरू देऊ नका. पाइलने तोललेली भिंत मग बीमसकट उचलली जाते. तसंच भरावावर टाकलेली फरशी पाइलवर नसते, ती हलू शकते, म्हणून तिचा विचार आराखड्यातच करावा. शोषखड्डा आणि मोठं झाड भिंतीपासून दूर असावं.

अंदाजपत्रकासाठी येताना घराचा नकाशा, माती तपासणीचा अहवाल असल्यास तो, आणि जवळच्या विहिरीची किंवा बोअरची खोली व खोदताना काय लागलं त्याची माहिती आणा. तपासणी झालेली नसेल तर आधी ती करू. तिच्याशिवाय आम्ही दर सांगत नाही.