शब्द हरवतो की फक्त उशिरा सापडतो? स्क्लेरोडर्मातलं धुकं आणि डिमेन्शिया

माझ्या मावशीला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा आहे; या आजारात त्वचा आणि आतले अवयव कडक होत जातात. मध्यंतरी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती चुकायला लागली, ‘गाळणी’सारखा शब्द ओठांवर येऊन अडायला लागला. एके दिवशी हळूच म्हणाली, “मला डिमेन्शिया होतोय का गं?”

अशा आजारातल्या या मंदपणाला ‘ब्रेन फॉग’, म्हणजे डोक्यातलं धुकं, म्हणतात. त्यात शब्द हरवत नाही, सापडायला वेळ लागतो. कुणी पहिलं अक्षर सांगितलं की मिळतो. झोप नीट झाली, दुखणं कमी असलं की त्या दिवशी डोकं साफही असतं. अल्झायमरच्या डिमेन्शियात नवी गोष्ट मनात नीट साठतच नाही. सकाळी कोण येऊन गेलं, हे आठवण करून दिली तरी आठवत नाही, आणि ते वाढत जातं. शिवाय धुक्याची तक्रार बहुधा पेशंट स्वतः करतो. डिमेन्शियाची अनेकदा घरचे करतात.

धुक्याची बरीच कारणं शोधता येतात, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो. फुप्फुसं कडक झाली की ऑक्सिजन कमी पडतो. आतडी मंदावली की तिथे जंतू माजतात आणि बी-१२ खाऊन टाकतात. जठरातून नकळत रक्त झिरपून हिमोग्लोबिन उतरतं. थायरॉइड मंदावतो, आंबट पाणी घशाशी येऊन झोपमोड होते, खाजेच्या नि दुखण्याच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. बदाम-ब्राह्मीच्या आधी डॉक्टरांकडून हे सगळं तपासून घ्या. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

इथे बोटं दोनदा फसवतात. गार पडून पांढरी झालेल्या बोटावर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा सेन्सर मागा. स्मरणशक्तीच्या चाचणीत घड्याळ काढायला लावतात. आखडलेल्या बोटांनी ते वेडंवाकडं आलं तर दोष डोक्याचा नसेलही, हे तपासणाऱ्याला आधीच सांगा.

घरी मावशी आता लिहीत बसत नाही, फोनवर बोलून नोंद ठेवते. हिशेबाची कामं सकाळी, आणि एका वेळी एकच.

पण कुणी एकाएकी बरळायला लागलं, डोकं प्रचंड दुखतंय, बीपी एकदम चढलंय, तर ते धुकंही नव्हे आणि डिमेन्शियाही नव्हे. या आजारात मूत्रपिंडावर अचानक घाला येतो, तो असा दिसू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.