‘मैत्रीण’ या शब्दाचा आडोसा

नवरात्रात पहाटे दोन बायका अनवाणी अंबाबाईला निघाल्या, तर कोल्हापुरात कुणी वळूनही बघत नाही. जोडीने ओटी भरणे, एकमेकींसाठी उपास धरणे, भजनाला शेजारी बसणे, सगळे ‘मैत्रीण’ या शब्दात मावते. बाईवर जीव असलेल्या बाईला भक्तीत जागा मिळाली ती याच आडोशाला.

यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, बाईच्या वेशात राहणाऱ्या पुरुषाचे, म्हणजे जोगत्याचे, तसे नव्हते. पुरुषाच्या देहातल्या बाईपणाला या भागात नाव होते, रूप होते. डोक्यावर यल्लम्माचा ‘जग’, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, हातात परडी, कपाळभर भंडारा. लोक त्याला देवीचे बोलावणे म्हणत. त्या मानाखाली शोषणही होते. देवाला मुली सोडण्याविरुद्ध शाहू महाराजांनी १९२० मध्ये कायदा केला तो उगीच नाही. पण दोन बायकांच्या प्रेमाला असे मानाचे नाव कधी मिळाले नाही. घरात कळलेच तर ‘बाधा’ म्हणायचे, देवऋषाकडे न्यायचे.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ मुख्यतः पुरुषांवर चालले. बायकांना धाक होता तो माहेरचा, आणि ‘मुलीला पळवले’ या तक्रारीचा. डिसेंबर १९९८ मध्ये दोन जावांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ सिनेमाचे खेळ मुंबईत मोडतोड करून बंद पाडले, तेव्हा कारण संस्कृतीचेच दिले गेले. उत्तरादाखल दिल्लीत काही जणी ‘भारतीय आणि लेस्बियन’ असा फलक घेऊन उभ्या राहिल्या. भारतीय असणे आणि हे असणे एकत्र नांदते, एवढेच त्यांना सांगायचे होते.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गल्लीचा, भावकीचा, भजनी मंडळाचा ग्रुप प्रत्येक हातात आला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. दोन्ही वेळा शिव्यांना ऊत आला. ‘परदेशी खूळ’ ही त्यातली सौम्य शिवी. ‘देवळात पाय ठेवू नका’ ही मला सर्वांत क्रूर वाटते, कारण ती भक्तिणीला तिच्या आईपासून तोडते.

मोबाइलवरचे शब्द रस्त्यावर कसे उतरतात, हे कोल्हापूरने जून २०२३ मध्ये पाहिले: स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. इथे तर दगडाचीही गरज नसते. एक स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर पडला की पुरे. ‘मैत्रीण’ या शब्दाचा आडोसा त्याच क्षणी जातो. काल शेजारी टाळ घेऊन बसणारी आज सरकून बसते. ऑनलाइन पाळतीविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे, पण तो पाळत ठेवणाऱ्या पुरुषापुरता. छळणारी चुलती असेल तर? आणि तक्रार लिहिताना कारण सांगावेच लागते, तेही बहुधा आपल्याच गावच्या ठाण्यात.

म्हणून जागर बंद दाराआड होतो. फोटोत फक्त घट, दिवा, ओटीचे ताट. हात कुणाचे, ते दिसू दिले जात नाही.